प्रकल्प नोंदी: आप्पांच्या डिझेल गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड, घरच्या पोर्चमध्ये

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

गाडी आप्पांची. एमएच-१५ (नाशिक) पासिंग, जानेवारी २०१०, १.३ लिटर टर्बो डिझेल, मीटरवर १ लाख ४२ हजार किलोमीटर. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी घेतली. गेली चार वर्षं मीच चालवते. जानेवारीत तिला पंधरा वर्षं पूर्ण होतील आणि पेठ रोडला आरटीओत नेऊन पुनर्नोंदणी करून घ्यावी लागेल. त्याआधी तिची तब्येत बघायची म्हणून ही वही. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही तक्रार नाही. धूर परत आत ओढणाऱ्या कुठल्याही डिझेल इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग, असा काजळीने भरू शकतो.

लक्षणं अशी. दोन हजार आरपीएमच्या खाली ओढ नाही. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलवरून निघताना पहिल्यातच रेटावी लागते. सकाळच्या गारठ्यात चालू केली की आयडलिंगला हलते. ॲव्हरेज १९ वरून साडेपंधरावर आलं. आणि काल पीयूसी काढली तर आकडा ६१ एचएसयू (हे धुराच्या काळेपणाचं माप). बीएस-४ या प्रदूषण-नियमाच्या आधीच्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५, म्हणजे पास झाली, पण काठावर. मागच्या वर्षीच्या कागदावर ३८ आहे. एका वर्षात इतका फरक उगाच पडत नाही.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी बॉनेट उघडून दोन वेळा रेस दिली आणि टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला म्हणून सांगितलं. खर्च पस्तीस हजारांच्या घरात. टर्बोच्या शाफ्टला हात लावून बघितलासुद्धा नाही. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये आहे. न मोजता पार्ट रिजेक्ट केलेला मला बघवत नाही. गाडी घेऊन घरी आले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

भाचा आला. सातपूरच्या आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा ट्रेड करतो. त्याच्याकडे फोनला जोडायचा छोटा स्कॅनर आहे. बिघाडाचा एकही कोड नाही. मग हवेचा आकडा लावून बसलो, म्हणजे एअर फ्लो सेन्सरमधून सेकंदाला किती ग्रॅम हवा आत जाते ते.

आधी कागदावर हिशेब केला. १.३ लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. ८०० आरपीएमला मिनिटाला ५२० लिटर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, त्यामुळे इथली हवा लिटरला साधारण १.१ ग्रॅम धरली. सेकंदाला साडेनऊ ग्रॅम झाले. सिलिंडर काही शंभर टक्के भरत नाही, म्हणून आठच्या आसपास यायला हवेत. हा आकडा ईजीआर, म्हणजे इंजिनाचा थोडा धूर परत आतल्या हवेत सोडणारा व्हॉल्व्ह, पूर्ण बंद असतानाचा. ईजीआर उघडा असला की आतली बरीचशी जागा धूर घेतो आणि ताजी हवा कमी होते.

वाचलेले आकडे: ईजीआरच्या वायरीचा प्लग लावलेला असताना ४.१. प्लग काढल्यावर व्हॉल्व्ह मिटायला हवा आणि आकडा दुप्पट व्हायला हवा. झाला ४.९.

म्हणजे व्हॉल्व्ह मिटतच नाही. इंजिन चोवीस तास आपलाच धूर पितंय. आप्पा खुर्चीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "धूर परत इंजिनाला पाजायचा, हे कोणी काढलं?" त्यांची सगळी हयात अशा इंजिनांवर गेली ज्यांना हा प्रकारच नव्हता. मी सांगितलं, की धूर मिसळला की ऑक्सिजन कमी होतो, जळताना तापमान तितकं चढत नाही, आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरंय. पण मग काजळी कुठं जाते?"

प्रश्न तोच आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर शाळेत जाऊन मतदान करून आलो आणि शाई वाळायच्या आत बॉनेट उघडलं. आज फक्त ईजीआर व्हॉल्व्ह काढून आत डोकवायचं ठरवलं होतं.

व्हॉल्व्हच्या बैठकीवर कडक काजळीचा गोळा अडकलेला. झडप साधारण दोन मिलिमीटर उघडी राहत होती. त्या भोकातून टॉर्च मारला. मॅनिफोल्डच्या आत ॲल्युमिनियम कुठेच दिसलं नाही. काळा, ओला, डांबरासारखा थर, त्यावर कोरड्या खपल्या. बोट घातलं तर पेरापर्यंत रुतलं.

काजळी एकटी असती तर पूड होऊन उडून गेली असती. पण इंजिनाच्या क्रँककेसमधून ब्रीदरच्या नळीने तेलाची वाफ याच हवेत सोडलेली असते. तेल आणि काजळी मिसळली की लुगदी होते आणि भिंतीला चिकटते. तिच्यावर पुढची काजळी बसते. शिवाय चार वर्षांपासून ही गाडी इंदिरानगर ते अंबड, अंबड ते इंदिरानगर एवढीच चालते. इंजिन पुरतं तापायच्या आत कारखान्याचं गेट येतं. पूर्वी आप्पा दर आठवड्याला निफाडला शेतावर जायचे, तेव्हा हे साचत नव्हतं.

नुसता व्हॉल्व्ह धुऊन भागणार नाही. मॅनिफोल्ड काढायचा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

तयारीचा दिवस. द्वारका चौकाजवळच्या स्पेअरच्या दुकानात मॅनिफोल्डची गॅस्केट (सांध्यातून हवा गळू नये म्हणून मधे बसते ती) आणि ईजीआरच्या दोन पत्र्याच्या गॅस्केट सांगितल्या. मॅनिफोल्डची आठवड्याने येईल. म्हणजे तोपर्यंत गाडी उघडीच राहणार, पोर्चवर ताडपत्री लावली. ऑफिसला सिटीलिंकच्या बसने जाणार आहे.

संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. आठ बोल्ट, दोन स्टड-नट, सगळे एम-८, तेराचा गोटी पाना. पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचा आकार काढला आणि प्रत्येक बोल्टच्या जागी भोक पाडलं. निघालेला बोल्ट त्याच भोकात खोचायचा, कारण लांब्या वेगवेगळ्या आहेत. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर खाली टेकून सिलिंडर हेडचे, म्हणजे मॅनिफोल्ड ज्याला बसतो त्या भागाचे, आटे जातात.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठला सुरुवात. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली. इंजिन रात्रभर गार झालेलं.

वरचं प्लास्टिक कव्हर, इंटरकूलरकडून येणारा हवेचा होज, बूस्ट सेन्सरचा प्लग, वायरिंगच्या क्लिपा. प्रत्येक प्लगवर मास्किंग टेप लावून आकडा लिहिला आणि काढायच्या आधी फोटो. भाच्याला वाटत होतं की एवढं लिहायची गरज नाही, सगळं लक्षात राहतं. मी त्याला एवढंच म्हटलं की आज राहील, पण आपण जोडणार पंधरा दिवसांनी.

इंजेक्टरच्या लोखंडी नळ्यांना हात लावला नाही. कॉमन रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. त्या नळ्या उघडल्या की कचऱ्याचा एक कण आत गेला तरी इंजेक्टर खराब होतो. आमच्या इंजिनात त्या न उघडता मॅनिफोल्ड निघतो, फक्त हात वाकडा घालावा लागतो. ज्यांच्या इंजिनात नळ्या आड येतात त्यांनी हे काम पोर्चमध्ये करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नऊ बोल्ट-नट सुटले. दहावा, खालच्या रांगेतला फायरवॉलकडचा, हलेना. दिसतही नव्हता. आरशात बघून गोटी बसवायची आणि अंदाजाने जोर द्यायचा. भाचा पाइप लावून ओढायला निघाला तेव्हा आप्पा उठून आले. त्यांनी पाइप बाजूला ठेवला. "आधी आवळ," म्हणाले. "सोडायचा बोल्ट आधी जरासा आवळायचा. गंज तुटतो." पाव फेरीचाही पाव भाग आवळला, टक् असा आवाज आला, मग उलटा फिरवला. सुटला. बोल्ट तुटून अर्धा हेडमध्ये राहिला असता तर हे काम माझ्या हातचं राहिलं नसतं.

साडेअकराला मॅनिफोल्ड सैल झाला. गॅस्केट चिकटलेली होती, रबरी हातोडीने कडेला हलके ठोके दिले आणि तो हातात आला. पुठ्ठ्यावरचे वॉशर मोजले. दहा हवेत. नऊ.

हेडचे चारही पोर्ट, म्हणजे सिलिंडरात हवा जायची भोकं, त्या क्षणी उघडे होते. मी तिथेच थांबले. भाच्याला म्हटलं, कुठेही हात लावू नकोस, चाक हलवू नकोस, किल्लीजवळ जाऊ नकोस. आधी चारही पोर्टमध्ये टॉर्च मारून बघितलं, मग त्याच्या फोनच्या तारेच्या कॅमेऱ्याने. व्हॉल्व्हच्या मागे काळोखच, त्यात एक काळा वॉशर कसा दिसणार. मग पोर्ट स्वच्छ कापडाच्या बोळ्यांनी बंद केले, बोळ्यांना लाल दोरा बांधून दोरे बाहेर सोडले, आणि चुंबकाची कांडी घेऊन गिअरबॉक्सवर, खालच्या पत्र्यावर, सबफ्रेमच्या खाचेत शोधत बसलो. दीड तास. आप्पा फरशीवर बसून कचरा चाळत होते.

सापडला मॅनिफोल्डलाच. खालच्या फ्लँजच्या (हेडला टेकणाऱ्या सपाट कडेच्या) मागे त्या चिकट लुगदीत रुतून बसला होता. बोल्ट बाहेर आला, वॉशर आला नाही. हातात घेतला तेव्हा माझे हात थरथरत होते.

शिकले ते असं: मॅनिफोल्ड पूर्ण उचलायच्या आधी, दोन बोटं फट पडली की लगेच वॉशर मोजायचे. आणि बोळे आधीच करून खिशात ठेवायचे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

रात्री मोजमाप. मॅनिफोल्ड स्वयंपाकघरातल्या काट्यावर जुन्या वर्तमानपत्रासकट ठेवला, कागद वजा करून २ किलो ८४० ग्रॅम.

ईजीआरचा धूर जिथे हवेत मिसळतो तिथे धातूच्या भोकाचा व्यास ४८ मिलिमीटर. उरलेलं भोक वेडंवाकडं, चार बाजूंनी मोजून सरासरी २७. क्षेत्रफळाच्या हिशेबाने साधारण ३२ टक्के. तीन भागांपैकी दोन भाग बंद. टर्बो बिचारा मागून हवा ढकलत होता आणि पुढे दार बंद होतं. पस्तीस हजारांचा नवा टर्बो लावला असता तरी त्याच्यापुढेही हेच भोक असतं.

चार नळ्यांपैकी ईजीआरच्या जवळची सर्वांत भरलेली, लांबची सर्वांत मोकळी. आयडलिंगला इंजिन का हलत होतं त्याचं एक कारण हे असावं. प्रत्येक सिलिंडरला वेगळी हवा मिळत होती.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज आप्पांचा आणि माझा वाद झाला.

त्यांचं म्हणणं, कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाक, तासाभरात चकाचक. एसटीत ते बिडाचे हेड असेच साफ करायचे आणि बिडाला ते चालतंच. पण हा मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो, जो ठिणगीने पेटतो. तोंडाने सांगून त्यांना पटेना. मग कारखान्यातून आणलेली ॲल्युमिनियमची कटिंगची चिप घेतली, अंगणात उघड्यावर, हातमोजे आणि गॉगल लावून काचेच्या बरणीत थोडं कॉस्टिकचं पाणी केलं आणि चिप टाकली. मिनिटाभरात फेस. पंधरा मिनिटांत चमकदार चिप काळपट पडून पातळ झाली. आप्पा वाकून बघत राहिले.

"फ्लँजची अशी झाली असती," एवढंच म्हणाले. मग स्वतः जाऊन डिझेलचा कॅन घेऊन आले.

प्लास्टिकच्या टबमध्ये मॅनिफोल्ड उभा ठेवला, पाच लिटर डिझेल ओतलं, झाकण. बूस्ट सेन्सर आणि रबरी ओ-रिंग आधीच काढून घेतल्या. ईजीआर व्हॉल्व्ह बुडवला नाही, त्याला मोटर आहे. त्याची नुसती झडप कार्ब क्लीनरने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केली. आता झडप बोटाने दाबली की सहज उघडते आणि सोडली की आवाज करून पूर्ण मिटते.

भाच्याच्या ओळखीच्या एका मेकॅनिकने सुचवलं की ईजीआरला पत्र्याची प्लेट मारून कायमचा बंद करा, कटकट मिटेल. आप्पांनाही ते पटत होतं. मी नाही म्हटलं. पीयूसीच्या मशीनला डिझेलच्या धुराचा फक्त काळेपणा कळतो, नायट्रोजनचे ऑक्साइड कळत नाहीत. प्लेट मारलेली गाडी पास होईल आणि आमच्याच गल्लीतली मुलं तो धूर श्वासात घेतील. आप्पांना गेल्या वर्षीपासून दमा आहे. मी त्यांच्याकडे बघितलं आणि विषय तिथे संपला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन रात्री भिजला. वरची खपली मऊ झाली, आतला थर अजून धरून आहे. बांबूच्या पट्ट्या चाकूने तासून घेतल्या आणि खरवडायला लागले. लोखंडी पटाशी फ्लँजच्या तोंडाला लावायची नाही, एक ओरखडा पडला की तिथून हवा गळते.

वाकड्या नळ्यांत हात जात नाही. तिथे आप्पांची युक्ती: मोटरसायकलची जुनी क्लच केबल, टोकाच्या तारा चार बोटं उसवून फुलवायच्या आणि दुसरं टोक ड्रिलमध्ये धरायचं. हळू फिरवली की वळणावरून आत शिरते आणि तारा भिंत घासतात. रात्री साडेनऊपर्यंत ड्रिलचा आवाज होता, शेजारच्या काकूंनी काही म्हटलं नाही, उलट चहा पाठवला.

१ डिसेंबर, रविवार

दोन कामं. पहिलं, मॅनिफोल्डची शेवटची धुलाई. ताजं डिझेल, ब्रश, कार्ब क्लीनर, मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी, तीन वेळा. प्रत्येक वेळी पांढरा रुमाल काठीला गुंडाळून आतून फिरवला. तिसऱ्या वेळी रुमाल राखाडी निघाला, काळा नाही. पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारून घेतली आणि दिवसभर गच्चीवर उन्हात.

उन्हात वाळवणं हे दिसण्यासाठी नाही. आत डिझेलचा थेंबही राहायला नको. डिझेल इंजिनाला हवेच्या वाटेने इंधन मिळालं तर किल्ली बंद केली तरी ते थांबत नाही, वेग वाढतच जातो. आप्पांनी असं पळालेलं इंजिन एकदा बघितलंय. हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली तेव्हा बंद पडलं, म्हणाले, आणि तो आवाज त्यांना अजून आठवतो.

धुलाईचं काळं पाणी आणि डिझेल सगळं कॅनमध्ये भरून ठेवलंय. आमच्या मागची गटार नासर्डीत जाते आणि नासर्डी गोदावरीत. जुनं ऑइल गोळा करणारा गॅरेजमध्ये येतो, त्याला देणार.

दुसरं काम हेडचे पोर्ट. पुढचं एक चाक जॅकवर, मागच्या चाकांना विटा, पाचवा गिअर. उचललेलं चाक हाताने फिरवलं की क्रँक फिरतो. ज्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह मिटलेले असतील तेवढाच एक पोर्ट उघडायचा, बाकी तिघांत बोळे. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी टेपने चिकटवून भाच्याने धरली, मी बांबूने कोरडंच खरवडलं. इथे फवारा मारला नाही. मिटलेल्या व्हॉल्व्हपाशी पातळ द्राव साचतो आणि व्हॅक्यूमची मोटर ठिणगी देते.

व्हॉल्व्हच्या दांड्यावरचा थर पूर्ण निघाला नाही. सत्तर टक्के निघाला असेल. बाकी तसाच ठेवला. त्याच्यासाठी हेड उतरवावं लागेल आणि तेवढी गरज नाही, असं आप्पांचंही मत.

२ डिसेंबर, सोमवार

साहेबांची परवानगी घेऊन मॅनिफोल्ड कारखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या सपाट सरफेस प्लेटवर फ्लँज पालथा ठेवला. फट मोजायची ०.०५ मिलिमीटरची फिलर पट्टी चारही बाजूंनी कुठेच शिरली नाही. सपाट आहे. वजन २ किलो ४६५. म्हणजे ३७५ ग्रॅम काजळी होती.

आमच्या सेक्शनमधल्या सगळ्यांनी येऊन आतून बघितलं. एकाची गाडीही अशीच हलते म्हणे.

७ डिसेंबर, शनिवार

गॅस्केट आली. ६४० रुपये.

८ डिसेंबर, रविवार

जोडणी. हेडचं तोंड प्लास्टिकच्या पट्टीने साफ, स्टडचे आटे ब्रशने. बोळे काढले: लाल दोरे चार, बोळे चार, मोठ्याने मोजले. परत एकदा टॉर्च. मग नवी गॅस्केट स्टडवर आणि मॅनिफोल्ड.

सगळे बोल्ट आधी बोटांनी, शेवटपर्यंत बोटांनीच. जो बोटाने जात नाही तो वाकडा चाललाय. मग मधून सुरुवात करून दोन्हीकडे बाहेर, पहिल्या फेरीत १० न्यूटन मीटर, दुसरीत २२, टॉर्क रेंचच्या टिक् आवाजापर्यंत आणि पुढे नाही. तो लपलेला दहावा बोल्ट आप्पांनी लावला. त्यांची बोटं तिथे बरोबर पोचतात.

सेन्सरच्या ओ-रिंगला तेलाचा हलका हात, ईजीआरच्या नव्या गॅस्केट, होजच्या क्लिपा, टेपवरचे आकडे बघून प्लग. भाच्याने स्वतःच एक ते सात मोजून लावले. शेवटी बॅटरी.

चालू करायच्या आधी फळी हाताशी ठेवली. आप्पा एअर फिल्टरच्या तोंडाशी उभे राहिले, मी किल्ली फिरवली. दुसऱ्या सेकंदाला घेतलं. सायलेन्सरमधून पांढुरका धूर आला, अर्ध्या मिनिटात विरला. इंजिन एका सुरात. आप्पांनी बॉनेटच्या कडेवर हात ठेवला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

स्कॅनर: ईजीआरचा प्लग काढून ७.९. कागदावरचा हिशेब आठ होता.

११ डिसेंबर, बुधवार

चढावर रेस दिली की बारीक शिट्टी. घरी आल्यावर साबणाचं पाणी मारलं आणि भाच्याने रेस दिली. मॅनिफोल्डच्या सांध्याला बुडबुडे नाहीत, इंटरकूलरच्या होजच्या क्लिपेपाशी आले. होज पाच मिलिमीटर कमी बसला होता. सोडून परत बसवला. शिट्टी बंद.

१५ डिसेंबर, रविवार

सप्तशृंगी गडावर जाऊन आलो. दिंडोरी, वणी, नांदुरी. दर्शन होतंच, पण मला तो घाट हवा होता. चैत्रात आम्ही चौघं गेलो होतो तेव्हा नांदुरीपासून वर सगळी चढण दुसऱ्या गिअरमध्ये, आरशात काळा धूर, मागचे लोक हॉर्न मारत होते. आज तेवढीच माणसं, तोच घाट, बहुतेक चढ तिसऱ्यात. वळणांवर दुसरा घ्यावा लागला, पण बाहेर पडताना गाडी मागून कोणी ढकलल्यासारखी निघायची. आरशात फक्त रस्ता दिसत होता.

परत येताना वणीच्या पुढे आप्पा म्हणाले, "थांबव जरा." मला वाटलं पाणी हवंय. ते उतरून माझ्या बाजूला आले. कितीतरी वर्षांनी त्यांनी गाडी चालवली, दिंडोरीपर्यंत, साठच्या वेगाने, खिडकी उघडी ठेवून.

२२ डिसेंबर, रविवार

नवी पीयूसी: २९ एचएसयू. तेच सेंटर, तोच मुलगा. टाकी फुल ते टाकी फुल ॲव्हरेज १८.४, यात गडाची फेरी धरलेली आहे, म्हणून हा आकडा शहराचा समजू नये.

एकूण खर्च गॅस्केट, कार्ब क्लीनरचे तीन डबे, डिझेल, हातमोजे आणि ड्रिलचा एक बिट मिळून तीन हजारांच्या आत. टॉर्क रेंच भाच्याच्या सरांचा होता, तो साफ करून परत दिला.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

आरटीओत गाडी दाखवली. पर्यावरण कर भरला, फिटनेस झाला, पुनर्नोंदणी पाच वर्षांची.

२ मार्च, रविवार

जोडणीपासून २,१०० किलोमीटर. दर रविवारी गाडी बाहेर काढते, एकदा त्र्यंबकेश्वर, एकदा घोटी, बहुतेक वेळा निफाड. द्राक्षांचा हंगाम आहे, डिकीत एक पेटी येतेच. रस्ता मोकळा असला की चौथ्या गिअरमध्ये अडीच-तीन हजारांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवते, म्हणजे इंजिन आणि तेल दोन्ही नीट तापतात. ब्रीदरची नळीही काढून बघितली, आत तेल होतं, पुसून घेतली. ती दर सर्व्हिसिंगला बघायची यादीत घातली.

आज ईजीआर व्हॉल्व्ह परत काढून आत टॉर्च मारला. झडप मिटलेली. भिंती काळ्या झाल्यात, पण थर कागदाएवढाही नाही आणि कोरडा आहे. बोट फिरवलं तर पूड लागते, चिकटत नाही. ज्या ठिकाणी ४८ होते तिथे कॅलिपरने ४७.५.

पुढची मोजणी ५,००० किलोमीटरला, जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी.